मुरवलेले परळ

"हात लावू नको म्हटलं ना, मावशी!"

"लावला कुठं? बघायले फक्त."

"मग हात मागं बांधून बघ."

"माझ्या गच्चीवर, माझ्याच पाखराकडं, मी हात मागं बांधून बघू? हौ का? एवढी साहेबीण कधीपासून झालीस गं तू?"

"थोडा वेळ गप्प राहा, प्लीज. हा घाबरायलाय."

"तो तुला घाबरायलाय. मला रोज भेटतो तो."

घाबरलेला तो म्हणजे एक बुलबुल. रबरी मोजे घातलेल्या तन्वीच्या मुठीतून त्याची काळी शेंडी तेवढी बाहेर आली होती. तन्वी ही वासंतीबाई बिलोलीकरांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. रानपाखरांमध्ये कोणकोणते विषाणू असतात ते शोधणाऱ्या प्रयोगशाळेत ती काम करते. भर शहरात इतकी पाखरं एका जागी दुसरीकडे सापडत नाहीत, म्हणून ती दर उन्हाळ्यात मावशीच्या नारायणगुड्यातल्या गच्चीवर पहाटे येऊन बारीक जाळी लावते. पाखरू जाळीत आलं की सोडवायचं, चोचीत कापसाची काडी फिरवायची, पायात कडं घालायचं आणि सोडून द्यायचं. एरवी हे सगळं चालू असताना मावशी चहाचा कप घेऊन शेजारी उभी राहते आणि प्रत्येक पाखराला "झालं रे राजा, झालं" म्हणते. आज तो चहा कठड्यावर गार होत होता.

"हे बघ. पायाला काय आहे?"

"काटा मोडला असेल."

"दोन्ही पायांत? आणि हा डोळा? डोळ्यातपण काटा मोडला?"

वासंतीबाई वाकल्या. हात मागं बांधूनच वाकल्या. बुलबुलाच्या बोटांवर फुटाण्याएवढ्या खडबडीत गाठी होत्या आणि एका डोळ्याच्या कडेला लाही फुटावी तसं मांस फुटून आलं होतं. त्या बाजूनं त्याला काही दिसत नसणार.

"गांधीलमाशी चावली असेल," त्या म्हणाल्या, पण आवाज आधीच उतरला होता.

"मावशी, व्हायरस आहे हा. पॉक्स. कोंबड्यांना देवी येतात बघ, तशातलाच. पाखरांच्या देवी."

वासंतीबाईंचे मागं बांधलेले हात सुटले आणि छातीशी येऊन जुळले.

"अगं नमस्कार काय करतेस! व्हायरसला कोण नमस्कार करतं?"

"तूच देवी म्हणालीस ना."

"देवाऽऽ!" तन्वीनं आभाळाकडे पाहिलं. "माणसाला होत नाही हा. तुला काही नाही होणार."

"मला काय होईल ते विचारायले का मी? ह्याचं काय होईल ते सांग."

"काही बरे होतात. काहींचा डोळा बंद होतो, खाणं दिसत नाही, मग..." तन्वीनं वाक्य सोडून दिलं. "आज जाळीत आलेल्या बुलबुलांपैकी निम्म्यांना आहे. आणि दोन चिमण्यांना. मागच्या उन्हाळ्यात इथं एकालाही नव्हतं."

"पण येतो कुठनं हा?"

"डास नेतात एकाकडून दुसऱ्याकडं..."

"डास!" वासंतीबाई एकदम ताठ झाल्या. "बघ, डास म्हणालीस. डास काय मी पाळलेत?"

"पुढचं ऐकशील? डास नेतात, आणि एकाच जागी बसून खाल्ल्यानं लागतो. ह्याच्या पायाची खपली तुझ्या दाण्यांच्या परळाच्या कडेला पडते. दुसरा येऊन त्याच कडेवर बसतो. पायाला जरासा ओरखडा असला तरी पुरे. वाळलेल्या खपलीत महिनोन्महिने टिकतो हा व्हायरस. म्हणून सांगायले, परळ सगळे काढ. आजच."

"दाणे बंद करू? ह्या उन्हात? पाणीबी?"

"हौ, पाणीबी."

"तुझ्या घशाखाली जाईल का गं पाणी?"

तन्वीनं मूठ उघडली. बुलबुल कठड्यावर आपटला, सावरला, आणि एका डोळ्यानं अंदाज घेत शेजारच्या कडुलिंबात गेला. मग तन्वीची नजर वर गेली. गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधलेल्या बांबूला सुतळीचे झोळणे टांगलेले होते. मोजक्या झोळण्यांत मातीचे पसरट परळ होते. बाकीचे सगळे वाऱ्यावर रिकामेच हलत होते.

"इथं तर ओळीनं परळ होते ना? दिवाळीत मी आले तेव्हा?"

"होते."

"मग?"

"वाणात दिले."

"काय दिले?"

"वाण गं. संक्रांतीचं. हळदीकुंकवाला बायकांना काहीतरी वस्तू देतात की नाही? तुझी आई नाही देत प्लास्टिकचे डबे?"

"ते माहितंय मला. पण हे? इथं टांगलेले? पाखरं बसून गेलेले?"

वासंतीबाईंनी गार चहा उचलला आणि कुंडीत ओतला.

"सांग ना. कुणाला दिलेस?"

"मराठी मंडळातल्या सगळ्या बायकांना."

"म्हणजे कुठं कुठं?"

"हिमायतनगर. इथं खाली दोघी. कुकटपल्लीला पल्लवीच्या सोसायटीत पुष्कळ जणी. आणखी कुठंकुठं."

तन्वी खाली बसली. तिनं रबरी मोजे उतरवले. मग तिनं मोबाइल काढला आणि कामाच्या आवाजात विचारलं, "असा गाठीवाला पक्षी तुला पहिल्यांदा कधी दिसला?"

"होळीनंतर."

"नक्की? संक्रांतीच्या आधी नाही ना?"

"होळीनंतर म्हटलं ना."

तन्वीनं तसं टाइप केलं.

वासंतीबाईंना नारायणगुड्यात पाखरंवाली बाई म्हणून सगळे ओळखतात. फळवाला उर्दूत, किराणावाला तेलुगूत, आणि खालच्या मजल्यावरची मंडळी मराठीत, पण म्हणतात सगळे तेच. सरकारी पाटबंधारे खात्यात त्या टायपिस्ट म्हणून लागल्या आणि सेक्शन ऑफिसर होऊन निवृत्त झाल्या. ऑफिसात त्यांचा दरारा होता. घरी नवऱ्याचा, विठ्ठलरावांचा. विठ्ठलराव वकील होते. घरातसुद्धा ते उलटतपासणी घ्यायचे आणि त्या त्यांना तशीच उत्तरं द्यायच्या, आणि दोघांनाही त्यात मजा यायची. ते गेले तेव्हा घरात बोलायला कुणी उरलं नाही. मग गच्चीवर एक परळ पाण्याचा ठेवला, एक दाण्यांचा, आणि बोलायची सोय झाली.

"काय रे, आज उशीर? रस्त्यात ट्रॅफिक होतं का?" असं त्या बुलबुलाला विचारायच्या. जिन्यातून येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, वर पाहुणे आलेत.

विठ्ठलराव गेल्यावर दुसरीही एक गोष्ट झाली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं येईनासं झालं. कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर भांडता तरी आलं असतं. मंडळाच्या बाकीच्या कार्यक्रमांना त्यांना आग्रहानं न्यायचे, खुर्ची द्यायचे, भाषण करा म्हणायचे. फक्त पौष लागला की फोन गप्प व्हायचा. त्यांनी मनाला लावून घेतलं नाही, असं त्या सांगायच्या. विचारायच्या आधीच सांगायच्या.

मग पल्लवी आली. पुण्याहून नवऱ्याच्या बदलीबरोबर आलेली, स्वतःही आयटीत, कुकटपल्लीला उंच इमारतीत राहणारी. मंडळाच्या न सांगितलेल्या गोष्टी तिला ठाऊक नव्हत्या. तिनं सरळ फोन केला.

"काकू, हळदीकुंकवाला तुम्ही का नाही येत?"

"मी? अगं, मी कशी..."

"कशी म्हणजे? मेट्रोनं या. आणि वाण तुम्ही द्या. पक्ष्यांसाठी काहीतरी द्या ना, तुमच्यासारखं. आमच्याकडे बाल्कनीत नुसती कबुतरं येतात हो."

मंडळातल्या सर्वांत वडील म्हणजे हिमायतनगरच्या रंजनाताई उमरीकर. गोष्ट त्यांच्यापर्यंत गेली. त्यांनी सुपारी कातरता कातरता निकाल दिला, "वाण पाखराला द्यायचंय ना? मग चालतंय की. पाखराला कुठं कुंकू लावायचंय."

वासंतीबाई धूलपेटच्या कुंभारणीकडे गेल्या, कोरे करकरीत परळ घेऊन आल्या आणि त्या संक्रांतीला परत त्या खोलीत जाऊन बसल्या. कोपऱ्यात बसल्या होत्या, पण सगळ्या बायका त्या कोपऱ्यापर्यंत आल्या. हात पुढे केले. वाण घेतलं. घरी आल्यावर वासंतीबाईंनी विठ्ठलरावांच्या फोटोला सांगितलं, "तुमच्यावाचून गेले बरं का." आणि रडल्या.

पण त्या वर्षी कुणाच्याच परळावर पाखरू आलं नाही. "काकू, कावळासुद्धा फिरकला नाही," पल्लवी म्हणाली. रंजनाताई म्हणाल्या, "आम्ही त्यात धने ठेवलेत."

ते त्यांना फार लागलं. वर्षभर त्यांनी विचार केला, आणि त्यांच्या ध्यानात आलं की पाखरू नव्या मातीला बुजतं. ज्या परळाला दाण्याचा, शिटेचा, पाखरांच्या पायाचा वास लागलाय, तो दुसरीकडे नेऊन टांगला तरी दोन दिवसांत त्याच्यावर बसतं. मग पुढच्या वेळी त्यांनी दिवाळीतच परळ आणले, गच्चीवर टांगले आणि पाखरांना वापरू दिले. मनातल्या मनात त्या याला मुरवणं म्हणत. कैरी मुरते तसा परळ मुरतो.

एकच अडचण होती. वाण कोरं असावं लागतं. वापरलेली वस्तू वाण म्हणून कुणी देत नाही, हे त्यांच्या आईनं त्यांना परकराच्या वयात शिकवलेलं. म्हणून संक्रांतीच्या आधी त्या सगळे परळ उतरवायच्या, राखेनं घासायच्या, वरून गेरूचा हात द्यायच्या आणि कडेनं पांढरे ठिपके काढायच्या. ते इतके देखणे दिसत की दुकानातले वाटावेत. कुणाला सांगण्याची गरजच पडली नाही. आणि त्या वर्षी मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर फोटोंचा पाऊस पडला. चिमण्या, मुनिया, बुलबुल. "काकूंच्या हातात जादू आहे!" "काकू, आमच्याकडे दयाळ आला, पहाटे काय गातो!" पल्लवीनं तर कबुतरं अडवायला लावलेल्या जाळीचा एक कोपरा लहान पाखरांपुरता कापून घेतला.

आता त्यांना कोपऱ्यात बसवत नव्हते. मधे बसवत होते.

आणि यंदाच्या पौषातली ती दुपार. परळ उतरवायचे होते. पल्लवीसाठी म्हणून त्यांनी सर्वांत सुबक, मोठ्या तोंडाचा परळ मनाशी धरून ठेवला होता. त्याच्या कडेवर एक बुलबुल बसला होता. एका पायावर. दुसरा पाय त्यानं पोटाशी घेतला होता, आणि त्या पायाला काहीतरी गोळा होता.

"काय झालं रे राजा?" त्या म्हणाल्या. "लागलं का?"

बुलबुल उडाला. परळाच्या कडेला काळसर, वाळलेलं काहीतरी चिकटून राहिलं. त्यांनी नखानं खरवडलं. निघालं नाही. मग राख लावली, घासलं, थोडं निघालं. संक्रांत तोंडावर आली होती. परळ मोजून आणलेले, एक कमी पडला असता तर कुणाला काय सांगणार? त्यांनी त्यावर गेरू फिरवला. दोनदा फिरवला. आणि नेमका तिथं एक ठिपका काढला.

होळी तेव्हा लांब होती.

तन्वी गेल्यावर वासंतीबाईंनी गच्चीवरचे उरलेले परळ उतरवले. चिमण्या कठड्यावर येऊन बसल्या आणि ओरडू लागल्या. "नाही गं बायांनो," त्या म्हणाल्या, "आज घर बंद आहे." मग खाली येऊन दार लावून घेतलं, कारण ओरडणं ऐकवत नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर आवाजी निरोप पाठवला. आधी पुन्हा पुन्हा बोलून पुसला. शेवटी गेला तो असा: "नमस्कार, वासंती बोलायले. ऊन फार वाढायलंय. परळ गरम पाण्यानं धुवा. किंवा असं करा, थोडे दिवस काढूनच ठेवा. पाखरं बाहेर कुठंतरी शोधतील आपलं."

उत्तरं भराभर आली. "किती हो काळजी तुम्हाला!" "काकूंना सलाम!" जोडलेले हात, फुलं, टाळ्या. रंजनाताईंनी लिहिलं, "काढून कशाला ठेवायचे, उन्हात तर पाणी जास्त लागतं." आणि त्यावर सगळ्यांनी अंगठे दिले. परळ एकीनंही काढला नाही.

"धुवून चालत नाही का गं?" त्यांनी तन्वीला फोन केला.

"स्टीलचं असतं तर ब्लीचनं धुवून चाललं असतं. माती पिऊन घेते मावशी. खरं सांगितलंस का त्यांना?"

"सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"ऊन आहे म्हणून."

तन्वी हळूच म्हणाली, "मी सांगू का? मला मराठी टाइप येत नाही, इंग्लिशमध्ये टाकते. लॅबचं नाव बघून ऐकतील."

"नको. माझं वाण आहे."

"मग सांग ना तू."

"वापरलेले दिले म्हणून सांगू? वर्षानुवर्षं तेच देत होते म्हणून? मग मला कोण..." त्या थांबल्या. "ठेव. कुकर लागलाय."

कुकर लागलेला नव्हता. कुकर घासलेला, पालथा होता.

पल्लवीचा फोटो आला तो त्यानंतरच्या रविवारी. ग्रुपवर नाही, एकट्या त्यांना. कापलेल्या जाळीच्या कोपऱ्यात, गेरूच्या परळावर, बुलबुल. दोन्ही डोळे बंद झाल्यासारखे. खाली पल्लवीचा निरोप: "काकू, ह्याला काय झालंय हो? हा उडत पण नाहीये. मी रोज पपई ठेवतेय त्याच्यासाठी जास्तीची. बिचारा."

वासंतीबाईंनी फोटो मोठा केला. बुलबुल नाही पाहिला. परळाची कड पाहिली. गेरू उन्हानं उडाला होता. ठिपका मात्र होता.

त्यांनी फोटो तन्वीला पाठवला. तन्वी त्याच दिवशी कुकटपल्लीला जाऊन काडी फिरवून आली आणि काही दिवसांनी तिचा फोन आला. बोलताना ती प्रत्येक शब्द तोलून टाकत होती. "सारखाच आहे मावशी. गच्चीवरचा आणि तिथला. डासांनी नेला असेल, शंभर टक्के नाही सांगता येत. पण इतक्या लांब, वर त्या उंचीवर..."

"डास म्हणू नको," वासंतीबाई म्हणाल्या. "आता डास म्हणू नको गं बाई."

पल्लवीकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. वासंतीबाई मोठी कापडी पिशवी घेऊन निघाल्या. मेट्रोत मांडीवर पिशवी ठेवून बसल्या होत्या तेव्हा शेजारची बाई तेलुगूत म्हणाली, "भाजीला एवढ्या लांब?" त्यांनी नुसतं हसून घेतलं.

पल्लवीचा हॉल भरलेला होता. गौर पितळी झोपाळ्यात बसली होती, समोर कलिंगडाचं कमळ, आंब्याच्या डाळीचा वास, पन्ह्याचे पेले. दारातच पल्लवीनं त्यांचा हात धरला. "आल्या! चला, काकू, मधे बसा."

"नको. इथं दाराशी बरी आहे."

"दाराशी काय?" दिवाणावरून रंजनाताई म्हणाल्या. "दूधवाल्यासारखं उभं राहायलात की. बसा. डाळ खा, तिखट झाली आहे, पण आम्ही पुणेकरणीला सांगितलं नाही अजून."

बायका हसल्या. पल्लवीसुद्धा हसली. "ऐकू येतंय हो मला, ताई!"

"मला एक सांगायचंय," वासंतीबाई म्हणाल्या. हसू चालूच होतं. त्यांनी ऑफिसातला आवाज काढला. "सगळ्यांना सांगायचंय."

झोपाळ्याची साखळी तेवढी हलली.

"तुमचे परळ मला परत हवेत."

"कुठले?"

"संक्रांतीचे. वाणाचे. पाखरांना रोग आलाय. देवीसारखा. तो परळावर बसून एकमेकांना लागतो. माझी भाची ह्यातलीच आहे, तिनं तपासलं. माणसाला काही होत नाही, पण पाखरं आंधळी होतात, मरतात. परळ धुवून उपयोग नाही. म्हणून मी पिशवी आणलीय. पल्लवीचा आता नेते, बाकीच्यांच्या घरी येऊन नेईन."

"अहो, पण रोग आमच्या परळाला कुठून लागेल?" एक जण म्हणाली. "नवे तर होते."

"नवे नव्हते."

हे दोन शब्द त्यांनी मेट्रोत कितीदा तरी म्हणून पाहिले होते. इथं ते अगदी बारीक निघाले.

"म्हणजे?"

"गच्चीवर टांगलेले होते माझ्या. दोन महिने. पाखरं बसायची त्यांच्यावर. मग घासून, गेरू लावून दिले. पाखरू नव्या मातीवर बसत नाही, म्हणून. दरवर्षी तसंच द्यायचे. पहिलं वर्ष सोडून."

रंजनाताईंनी हातातली वाटी खाली ठेवली. "उष्टं वाण दिलंत आम्हाला?"

एकीनं पन्ह्याचा पेला तोंडापासून दूर केला.

"पाखरांचं उष्टं. सवाष्णींच्या ओटीत," रंजनाताई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, ते जास्त वाईट होतं. "आणि आम्ही कौतुक करायलोत. काकूंच्या हातात जादू म्हणून."

"चुकलं माझं."

"आणि आता परत मागायलात. दिलेलं वाण परत मागतंय का कुणी? माझ्या सासूनं दिलेली करंड्यांची जोडी फुटली तरी मी टाकली नाही."

"मग फोडून टाका घरच्या घरी. खड्ड्यात पुरा."

"संक्रांतीचं वाण मी माझ्या हातानं फोडू? भरल्या घरात?"

"म्हणून तर मी मागायले, रंजनाताई. तुम्ही फोडू नका. मला द्या. जे काय लागायचंय ते मला लागू द्या. माझं भरलं घर नाही."

रंजनाताई काहीतरी बोलणार होत्या. ओठापर्यंत आलेलं ते सगळ्यांना दिसलं. "उगाच नव्हते जुने लोक..." एवढंच निघालं आणि त्यांनी स्वतःच मान फिरवली, पन्ह्याचा पेला उचलला. पण खोलीत ज्यांना वाक्य पुरं करता येत होतं त्यांनी ते मनात पुरं केलं. दोघीतिघींची नजर वासंतीबाईंच्या मोकळ्या कपाळावर गेली आणि खाली वळली.

वासंतीबाईंचे कान तापले. मान, गळा, सगळं तापलं. पदर ओढून घ्यावासा वाटला, पण तो ओढला असता तर लपवल्यासारखं झालं असतं. त्या तशाच उभ्या राहिल्या. मग हॉल ओलांडून बाल्कनीत गेल्या. बायकांनी पाय आवरून वाट दिली.

जाळीच्या कोपऱ्यात परळ होता. पपईची साल वाळून चिकटली होती. बुलबुल नव्हता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"परवापासून दिसला नाही," मागून पल्लवी म्हणाली. तिच्या हातात कात्री होती. तिनंच सुतळी कापली. परळ वासंतीबाईंच्या हातात दिला आणि दिल्यावर हात साडीला पुसला. मग पुसला हे तिच्याच लक्षात आलं आणि ती ओशाळली.

"हात धू साबणानं," वासंतीबाई म्हणाल्या. "आणि इथं दुसरं काही टांगू नको इतक्यात. दाणेबी नको."

"नाही टांगत."

परळ त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळला. गुंडाळताना ठिपका वर आला. त्यांनी त्यावर कागद घातला.

दोघी परत हॉलमध्ये आल्या तेव्हा कुणीतरी डाळ वाढायला घेतली होती, पण कुणी खात नव्हतं. पल्लवीला ते सहन झालं नसावं. या बाईला या खोलीत तिनंच आणलं होतं. तिनं वासंतीबाईंच्या कोपराला हात लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, मुद्दाम मोठ्यानं म्हणाली:

"अहो, काकूंनी काय जाणूनबुजून केलंय का? त्यांना पाखरं यायला हवी होती आपल्याकडे, एवढंच ना. व्हायरस काय डोळ्यांना दिसतो? रोग आहे हे कळलं असतं तर काकूंनी दिले असते का आपल्याला?"

"ते खरंय," कुणीतरी म्हणालं.

"रोगाचं कुणाला कळतंय," दुसरी म्हणाली.

रंजनाताईंनी पेला ठेवला. त्यांचाही चेहरा थोडा सैलावला. दिवाणावर त्या जराशा सरकल्या, एका माणसापुरती जागा झाली, आणि त्या जागेवर त्यांनी तळहात टेकवला. "बसा आता. झालं ते झालं. माझा परळ उद्या गड्याच्या हाती पाठवते."

"सांगा ना काकू," पल्लवी म्हणाली. आता ती हसत होती, सगळं मिटल्यासारखं. "तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं ना? परळ दिलेत तेव्हा आजारी पक्षी दिसला असता तर तुम्ही दिलेच नसतेत ना?"

सगळ्या जणी त्यांच्याकडे पाहत होत्या. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. दिवाणावरची जागा रिकामी होती. रंजनाताईंचा तळहात अजून तिथंच होता.

वासंतीबाईंनी पिशवीत हात घालून वर्तमानपत्र पुन्हा नीट दाबलं. दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या. आणि लिफ्टची वाट न बघता, एवढ्या उंचावरून, जिन्यानं उतरू लागल्या.